फाळका ड्रायव्हरचा आहे, मालक

नागपूर आणि आसपासच्या सर्व ट्रकमालकांना,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमारास ऑफिस बंद करून निघालो, तर यार्डात एक माणूस मोबाईलचा टॉर्च लावून गाड्यांच्या मागून फिरताना दिसला. डिझेलचोर असेल म्हणून हटकलं. तो म्हणाला, "नाही बाबूजी, आपलीच गाडी पाहून राहिलो." एका मालकाच्या चौदा नव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या मागे तेच निळं स्टिकर. हा जेवायला गेला तेवढ्यात कोणीतरी गाड्या मागेपुढे केल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी ज्या गाडीत बसून त्याने रायपूरहून माल आणला, त्या गाडीत झोपला, त्या गाडीत पोळ्या शेकल्या, तीच गाडी तो आता नंबर वाचत वाचत शोधत होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र, फाळक्याबद्दल, म्हणजे ट्रकच्या हौद्याच्या मागच्या फळ्यांच्या झडपेबद्दल, जिच्यावर पूर्वी पेंटर हाताने चित्रं काढायचे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझं अक्षर पाहिलेलं आहे. भंडारा रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, लिहिल्या. आधी कार्बन लावून, मग कॉम्प्युटरवर. पण हे अक्षर माझं नाही, ते माझ्या बाबांचं. बाबा पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हे, ट्रकचे. कापसीपासून पारडीपर्यंतच्या बॉडीच्या कारखान्यांत मोर, कमळ, गाय-वासरू काढण्यात त्यांचा जन्म गेला. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्या रंगाच्या डब्यांवर झाकणं लावायला जायचो.

हे पत्र मी आधी आरटीओला लिहिणार होतो, कारण जो तो सांगतो की हे काम सरकारने बंद केलं. मग कागद काढून पाहिले. ३० एप्रिल २०१५ ला राज्याच्या परिवहन आयुक्तांनी परिपत्रक काढलं, ते 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांपुरतं. हे वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात, म्हणून व्यावसायिक गाड्यांच्या मागे ते लिहू नये, असं. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. कळमना बाजाराच्या रस्त्यावर राहणाऱ्याला विचारा हॉर्न काय असतो ते. पण त्या परिपत्रकाने मोर पुसायला सांगितला नव्हता. वासराला चाटणारी गाय पुसायला सांगितली नव्हती. पुसायचे होते तीन शब्द. तुम्ही अख्खा फाळकाच पुसलात.

नंबर स्वच्छ दिसला पाहिजे, मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी झाकली जाता कामा नये, दिवे झाकले जाता कामा नयेत. हे सगळं बरोबर आहे आणि पाळलंच पाहिजे. एवढं पाळूनही फाळक्यावर जागा उरते, आणि त्या जागेवर विहीर काढू नका असं मला कोणत्याही नियमात सापडलं नाही. उलट केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या गाडीला सुकलेल्या पानाचा तपकिरी रंग आणि तीस सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार सांगितलेली होती. बाबा त्या तपकिरीलाच जमीन धरायचे आणि पांढऱ्या किनारीवर वेल सोडायचे. नियम पाळूनच ते काम चालायचं. म्हणून आरटीओचं पाकीट बाजूला ठेवलं आणि तुम्हाला लिहायला बसलो. फाळक्यावर काय असावं हे तुमच्या हातात आहे.

तुमच्यातले जे वडिलांच्या गादीवर नंतर बसले, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. १९५४ पासून जमशेदपूरला टाटांचे बेंझ ट्रक बनू लागले. त्यानंतर कित्येक वर्षं कारखान्यातून बाहेर पडायची ती नुसती चेसिस. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस. केबिन नाही, दार नाही, काच नाही. लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल चढवून ड्रायव्हर ती चेसिस उघड्या वाऱ्यात चालवत न्यायचे. सहा नंबरच्या हायवेवर अशा पाच-सहा चेसिस एकामागे एक जाताना मी लहानपणी पाहिल्या आहेत, हाडांचे सापळे पळावेत तशा. मग इथे सुतार केबिन बांधायचा, लोहार पट्ट्या मारायचा, गादीवाला सीट भरायचा, वायरमन दिवे लावायचा, आणि शेवटी पेंटर यायचा. तोवर तिला सगळे चेसिसच म्हणायचे. पेंटरचा हात फिरला की ती गाडी व्हायची.

बाबांचं काम मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून सांगू शकतो. आधी रेड ऑक्साइडचा हात. तो सुकला की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. फळ्यांचे सांधे हाताला लागेनासे होईपर्यंत बाबा ब्रश उचलत नसत. मग खडूच्या भुकटीत घोळलेला दोरा. एक टोक मी धरायचो, दुसरं ते. मधोमध चिमटीत धरून सोडला की टप्प आवाज यायचा आणि फाळक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी सरळ रेघ. अक्षरं त्या रेघेवर उभी राहायची. कमळाची पाकळी काढताना ब्रशच्या एका कडेला पांढरा आणि दुसऱ्या कडेला गुलाबी घ्यायचे, हात काठीवर टेकवायचे आणि एका फटकाऱ्यात पाकळी. कड उजळ, बूड गडद. दुसरा फटकारा नाही. मी कितीदा करून पाहिलं, माझी पाकळी नेहमी चिखलाची व्हायची. गाय काढली तर डोळा सगळ्यात शेवटी, आणि डोळ्यातला पांढरा ठिपका ड्रायव्हर समोर असल्याशिवाय द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता. ड्रायव्हर भाडं घेऊन गेलेला असला तर गाय दोन-दोन दिवस आंधळी उभी असायची.

एक प्रसंग सांगतो. उमरेडकडून कोळसा वाहणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर होता. मालकाने नेहमीचं कमळ सांगितलं होतं. मालक गेल्यावर हा बाबांजवळ येऊन हळूच म्हणाला, "पेंटरभाऊ, कमळ नको. मले विहीर पाहिजे."

"कोणती विहीर?"

"घरची. बाजूले निंब हाय."

"निंब कोणत्या अंगाले?"

त्याला ते शब्दांत सांगता येईना. त्याने फाळक्यावर बसलेल्या कोळशाच्या धुळीत बोटाने काढून दाखवलं. गोल विहीर, डावीकडे झुकलेला कडुनिंब, मागे घराचं एक पाखं. बाबा बराच वेळ त्या बोटाच्या रेघा बघत राहिले. मग विचारलं, "कप्पी की रहाट?" "रहाट." "बादली आत की काठावर?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "काठावर. माय पाणी काढून आत गेली हाय." बाबांनी दोन दिवस लावले. काठावर बादली, तिच्यातून सांडलेल्या पाण्याचा ओला डाग, आणि माय कुठेच नाही. खाली ओळ लिहिली: घरी वाट पाहून राहिले. मालक आला तेव्हा मी घाबरलो होतो. तो फाळक्यासमोर उभा राहिला, काही बोलला नाही आणि पैसे देऊन गेला. तेव्हाचे मालक असे होते, हेही लिहिलं पाहिजे.

गाडी मालकाची, पण फाळका ड्रायव्हरचा. हे कोणत्याही कागदावर नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. मालकाचं नाव केबिनच्या दारावर, ट्रान्सपोर्टचं नाव कपाळपट्टीवर आणि मागची जागा ज्याची पाठ दिवसभर त्या गाडीला टेकलेली असते त्याची. मुलीचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव.

आपल्या विदर्भाच्या माणसाला हे नवीन वाटायला नको. पोळ्याला बैल कोणाचे असतात? मालकाचे. पण आदल्या दिवशी त्यांचे खांदे तूप-हळदीने कोण शेकतो? सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. शिंगं रंगवतो, बेगड लावतो, झूल चढवतो, बाशिंग बांधतो तो सालदार, आणि तोरणाखाली बैल धरून ताठ मानेने उभा राहतो तोही सालदारच. मालक त्या दिवशी मागे उभा असतो. पोळा फुटला की तो बैल घेऊन घरोघर जातो आणि बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, त्याच्या हातात पडतो. वर्षभर ज्याने बैलांबरोबर घाम गाळला, त्याच्या हातून बैल सजतो, आणि त्यात कोणत्याही मालकाला कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही. ट्रकचं रंगकाम मला नेहमी त्याच घरातलं वाटत आलं आहे. आरशाला लटकलेले काळे गोंडे पाहा, बंपरला बांधलेली लिंबू-मिरची पाहा, बैलाच्या गळ्यातून उतरून आल्यासारखी. आणि तोरणाखाली जशा झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणतात, सावकाराला टोमणा, पुढाऱ्याला टोमणा, मधेच महादेवाचा गजर, तशीच जात फाळक्यावरच्या ओळींची. दोन ओळींत हसवायचं, दोन ओळींत टोचायचं आणि पुढच्या गावाला निघून जायचं.

त्यातून आपण नागपूरचे. कलकत्त्याकडून मुंबईकडे जाणारा जुना सहा नंबर आणि बनारसहून कन्याकुमारीला जाणारा सात नंबर इथेच एकमेकांना ओलांडतात. आता त्यांचे आकडे ५३ आणि ४४ झाले, रस्ते तेच. देशातलं ट्रकचं सगळं रंगकाम आपल्या नाक्यावरून गेलं. बाबांचं शिक्षण झालं ते पारडीच्या ढाब्यांवर. पंजाबची गाडी थांबली की तिचा बाज बघायचे, राजस्थानची आली की आरशाचं काम, दक्षिणेची आली की तिथली गोलगोल अक्षरं. चहा संपेपर्यंत बघायचे आणि घरी येऊन कॅलेंडरच्या मागे काढायचे. एकदा मला झिरो माइलला घेऊन गेले. मी घोड्यांकडे बघत होतो. ते खांबावर कोरलेली गावांची नावं आणि अंतरं वीत लावून मोजत होते. म्हणाले, उन्हात इतकी वर्षं टिकलेलं अक्षर आहे, नीट बघून घे.

आणि मागून नागपूरची गाडी ओळखू यायची, नंबर वाचायच्या आधीच. एमएच ३१ असो की ४०, कपाळपट्टीवर कोराडीची देवी, टेकडीचा गणपती, शेगावचे महाराज, ताजबागचा घुमट, दीक्षाभूमीचा स्तूप. दीक्षाभूमीचा घुमट काढायला बाबांना फार आवडायचं. म्हणायचे, त्याची गोलाई एका दमात यावी लागते, थांबलास की मोडली. एकाच यार्डात ताजबाग आणि स्तूप आणि गजानन महाराज शेजारी-शेजारी उभे राहून माल भरायचे.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. मी काउंटरच्या आत बसलेला माणूस आहे. पेंटरला चार दिवस द्यायचे म्हणजे चार दिवसांचा हप्ता अंगावर. रेडियमचं स्टिकर चिकटवणारा दोन तासांत गाडी मोकळी करतो. मोठ्या कंपनीचं काम पाहिजे तर गाडी त्यांच्या रंगातच लागते, हे त्यांच्या करारातच असतं. पूर्वी पहिली दोन वर्षं सरली की दर वर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, असायचं, त्याआधी गाडी पेंटरकडे जायचीच. २०१८ च्या बदलानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी आलं, तसं पेंटरचं निम्मं काम गेलं. केबिन तर आता कारखान्यातूनच येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. ते फार चांगलं झालं, हे मी मनापासून म्हणतो. मे महिन्यात बुटीबोरीच्या रांगेत इंजिनाजवळ बसून माणूस कसा भाजतो ते मी पाहिलं आहे. ड्रायव्हरच्या अंगाला गारवा मिळाला. मी त्याच्या पाठीमागच्या सात-आठ फूट जागेबद्दल बोलतो आहे.

कारण तुमची रोजची तक्रारही मीच ऐकतो. ड्रायव्हर टिकत नाही. तीन महिने झाले की दुसरीकडे जातो. गाडी धूत नाही, ठोकतो, घासतो, त्याला काही वाटत नाही. मालक, त्याला काय वाटावं? त्या गाडीत त्याचं काय आहे? विहीरवाला ड्रायव्हर त्याच गाडीवर अकरा वर्षं होता. ढाब्यावर थांबला की आधी फडकं काढून फाळका पुसायचा, मग चहा. दुसऱ्या गाडीला मागे घेताना शिटी वाजवून ओरडायचा, "सांभाळ बे, घर हाय ते!" एकट्या चित्राने तो राहिला असं मी म्हणत नाही, पगारही वेळेवर होता. पण चित्रही होतं.

बाहेरच्यांना याची किंमत कळली. 'यूज डिपर अ‍ॅट नाइट' ही, म्हणजे रात्री समोरच्यासाठी दिवा खाली करा असं सांगणारी, फाळक्यावरची साधी ओळ उचलून टाटा मोटर्सने २०१६ मध्ये ट्रकचालकांसाठी डिपर नावाचे निरोध आणले, आणि पाकिटांवर चित्रं होती ती ट्रकवरच्याच शैलीतली. ड्रायव्हरशी बोलायचं तर त्याच्या गाडीच्या भाषेत बोलावं लागतं, हे त्यांना उमगलं. ती भाषा जिथे रोज लिहिली जायची, ती जागा आपण पांढरी करून ठेवली आहे.

आता जे सांगतो ते सांगताना मला त्रास होतो. विहीरवाली गाडी मोडीत निघाली तेव्हा मालक बदललेला होता. कोण ते लिहीत नाही, हे पत्र वाचलं तर त्यांना कळेल. ड्रायव्हर ऑफिसात आला आणि म्हणाला, फाळका तेवढा मला द्या. त्याला उत्तर मिळालं की सौदा वजनावर झालाय, कबाड्याला विचार. तो कबाड्याकडे गेला. तिथे फळ्यांचं लाकूड वेगळं, लोखंडी पट्ट्या वेगळ्या असं वजन करून त्याने पैसे मोजले. पट्ट्यांचे पैसे पुरले नाहीत म्हणून त्या तिथेच राहिल्या. फळ्या सुतळीने बांधून त्याने एसटीच्या टपावर टाकल्या. मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. क्रम चुकू नये म्हणून फळ्यांच्या पाठीवर त्याने खडूने एक, दोन, तीन, चार आकडे घातले होते. अकरा वर्षं जी गाडी त्याने चालवली, तिच्यातली त्याचीच चार फळकुटं त्याला विकत घ्यावी लागली. त्या दिवशी मी काउंटरवरून काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

म्हणून आता मागणं मागतो. सगळ्या गाड्या रंगवा असं म्हणत नाही. कंपनीच्या करारातल्या गाड्या सोडा, कंटेनर सोडा. तुमच्या स्वतःच्या नावावर उघड्या हौद्याची जी गाडी चालते, कळमन्यात मिरची आणते, काटोलहून संत्री नेते, कोळसा, गिट्टी, बांबू वाहते, अशी एक गाडी निवडा. प्रत्येक मालकाने एक. केबिनला हात लावायचा नाही, फक्त फाळका. खर्च एका टायरच्या किमतीच्या आत बसतो. चार दिवसही लागत नाहीत. फाळका खोलून दिला तर गाडी ग्रीसिंगला उभी असते तेवढ्यात अस्तर होतं, बाकीचं गाडी नसतानाही होतं. आणि गाडी मोडीत काढाल तेव्हा कबाड्याशी सौदा करण्याआधी फाळका उतरवून ड्रायव्हरला द्या. तेवढं वजन सोडून द्या.

पेंटर आहेत. शोधावे लागतात, पण आहेत. एक जण सध्या शाळांच्या भिंतींवर पाढे लिहितो. एकाने वाडीत रेडियमचं दुकान टाकलं, पण दुकानाच्या शटरवर त्याने हाताने मोर काढलाय, जाऊन बघा. तिसरा लग्नाच्या मंडपावर वधू-वरांची नावं लिहितो. तिघांशीही मी बोललो, तिघेही तयार आहेत. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातली दोन मुलं मला भेटली, त्यांना हे काम हाताखाली राहून शिकायचं आहे, पैसे नकोत म्हणाली. मी त्यांना सांगितलं, पैसे घ्यायचेच. रोजी ठरवून द्या, चित्रावर घासाघीस करू नका, एवढी विनंती.

दसऱ्याला तुम्ही गाड्या धुता, झेंडूची तोरणं बांधता, चाकाखाली लिंबू ठेवता. त्या दिवशी बहुतेक ड्रायव्हर यार्डात असतात. फाळके त्याआधी दोन आठवडे माझ्याकडे पोचवा. घराच्या मागे शेड आहे, रेड ऑक्साइडचे डबे आणून ठेवलेत, बाबांची काठी आणि खडूचा दोराही आहे. दोऱ्याचं एक टोक मी धरीन.

फाळका पाठवताना सोबत एका चिठ्ठीवर ड्रायव्हरला विचारून लिहून द्या, त्याला काय काढून हवंय ते. त्याला लिहिता येत नसेल तर फाळका धुऊ नका. धुळीत बोटाने काढू द्या आणि तसाच पाठवा.

आपला,
भंडारा रोडवरचा एक बिल्टीवाला, पेंटरचा मुलगा